रविवारची गाय

सांगू का, टीव्हीवरच्या, खेड्यातल्या एका गुरांच्या डॉक्टरच्या सिरियलचं सगळ्या इंग्लंडला इतकं वेड का होतं, हे मला एका शेतकऱ्याने सांगितलं. मला ते नीट कळलं की नाही, कोण जाणे.

ऐंशीच्या दशकात मी नॉटिंगहॅमला सर्जन होतो. एक म्हातारा शेतकरी पोटाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करेना. ऑपरेशनशिवाय तो फार दिवस काढणार नव्हता. मी त्याला तीनदा धोक्याचे टक्के समजावले होते. रविवारी संध्याकाळी चौथ्यांदा गेलो, तर स्वारी वॉर्डातल्या टीव्हीसमोर, तीच सिरियल बघत.

"शू! गाय अडलीय."

मीही बघत उभा राहिलो. वासरू झालं, गाय उठली, सगळा वॉर्ड खूश.

"खरंच असं असतं?" मी विचारलं.

"छे! आमचा डॉक्टर तुमच्यासारखाच, सदा घाईत."

"मग बघता कशाला?"

"यातली गाय उठते. माझ्या कितीतरी उठल्या नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी उठेन?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "उठाल."

त्याने लगेच सही केली. इतकं शिकून मी ज्योतिषासारखा बोललो होतो.

दहा दिवसांनी तो बायकोचा हात धरून घरी निघाला. मला राहवेना. म्हटलं, "तेव्हा माझी खात्री नव्हती बरं का."

"ते तुमच्या तोंडावर दिसतच होतं, डॉक्टर," तो म्हणाला. "पण टक्के सांगून कुणी गाय उठवतं का?"