वैशालीच्या गालावरची खळी

आमच्या वैशालीचं लग्न ठरलं होतं बघा. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या गालावर खळी पाडून घेऊ, फोटो झकास येतील." म्हणून पाचोडहून वैशाली, सासूबाई अन् मी असे तिघं संभाजीनगरला डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

त्या म्हणाल्या, "गालाला आतून टाका घालते. सुरुवातीला न हसताही खळी दिसते. नंतर नको वाटली, तर गाल पहिल्यासारखा होईलच असं नाही. वैशाली, तुला हवी का?"

"नाय. मला हाय तोच गाल आवडतो."

सासूबाई भडकल्या, "मग ही सोयरीक मोडली म्हणून समजा!"

"मोडू द्या," वैशाली शांतपणे म्हणाली.

सासूबाई माझ्यावर घसरल्या, "बाप हाय ना तुम्ही? बोला की काहीतरी!"

माझी तर छाती फुगली होती. म्हणलं, "ती बोलली की. अजून काय बोलू?"