म्हशीची मतमोजणी

शुभांगी : मग मावशी, निकाल काय लागला?

नवसाबाई : कसला वो, सिस्टर?

शुभांगी : म्हशीचा. काल मतमोजणी अर्ध्यात होती आणि तुम्हाला जाग आली. झाली का ती सरपंच?

नवसाबाई : आज सपानच नाय पडलं.

शुभांगी : असं कसं? जरा आठवून बघा. रेड्यानं माघार घेतली होती, म्हशीच्या विरोधातल्या मालनबाई सत्तावीस मतांनी पुढं होत्या...

नवसाबाई : नाय पडलं म्हणते ना. तुम्ही फाईलला तेवढं लिवा. दहाला डॉक्टर येत्यात. सपनं थांबली की घरी सोडतो म्हणलेत.

शुभांगी : लिहिते की. पण मग निकाल?

नवसाबाई : अवो, रविवारी गिरणाऱ्यात भावाच्या पोरीचं बारसं हाय. एकुलती एक आत्या मी. पाळण्यात वाकून नाव मीच सांगायचं. नाय गेले तर वहिनी शेजारच्या लंकाबाईला उभी करील. म्हणंल, आत्या काय, म्हशीचा अर्ज भरायला तहसीलला गेलेली.

शुभांगी : म्हशीला घेऊन गेला होतात, मावशी.

नवसाबाई : तवा महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता. खरं कुठलं, सपान कुठलं, कळत नव्हतं. आता कळतंय. म्हैस दूध देती, भाषण देत नाय.

शुभांगी : बरं. पण रात्री खरंच काही दिसलं नाही?

नवसाबाई : खरं सांगू? रागवायचं नाय. नऊ दिस झाले, मला सपान पडत नाय. तुमच्या गोळीनं मेल्यावाणी झोपते.

शुभांगी : मग ती प्रचारफेरी? गावजेवणाला कडबा?

नवसाबाई : मीच रचलं.

शुभांगी : आणि मी चार पानं लिहिली फाईलमध्ये. भाषणासकट. डॉक्टर वाचतात आणि म्हणतात, अजून थोडे दिवस ठेवा.

नवसाबाई : आता गं बया. म्हंजी तुम्हीच कोंडलंय मला.

शुभांगी : दोघींनी मिळून. पण रचलंत कशाला?

नवसाबाई : पहिल्या दिवशी नाय म्हणले, तर तुमचं तोंड एवढंसं झालं. खुर्ची उचलून निघालात. बाकी कोण बसतं हितं माझ्यापाशी? गोळी दिली की पुढच्या खाटेला. म्हैस निवडून आली की तुम्ही बी यायच्या बंद, म्हणून मोजणी लांबवली.

शुभांगी : (फाईल उघडून) ऐका. 'गेले नऊ दिवस रुग्णास स्वप्न नाही. झोप उत्तम. मधल्या नोंदी माझ्या आग्रहामुळे झाल्या.' खाली माझी सही.

नवसाबाई : हे वाचून डॉक्टर तुम्हालाच भरती करतील.

शुभांगी : झापतील. झापू देत, चूक माझीच आहे. तुम्ही पिशवी भरायला घ्या.

नवसाबाई : सिस्टर, घरी एखादं सपान पडलंच तर? भावाला सांगितलं की परत हितंच आणून सोडील.

शुभांगी : मला फोन करा. घरी माझ्याकडे फाईल नसते.