नेवेनाताईंनी घळ नाकारली तो दिवस

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय मेतोदीकाका, व्यासपीठावरच्या नगराध्यक्ष बाई, बचाव पथकातले माझे सहकारी, समोर बसलेले वाटाडे, डोंगरातल्या विश्रामगृहांचे चालक, आणि ज्यांच्या निरोपासाठी पिरीन डोंगरातलं निम्मं खोरं इथे जमलंय त्या आमच्या नेवेनाताई तोपालोवा, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मेतोदीकाकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मला दिसतंय.

ताईंनी एकतीस वर्षं हिमस्खलनाचा इशारा देण्यासाठी बर्फ तपासला, हे मघाशी सगळ्यांनी सांगितलं. मी एकाच दिवसाचं सांगतो. नऊ वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. तीन दिवस वायव्येचा वारा चालला होता. नवा बर्फ वीतभरही पडला नव्हता, पण वाऱ्यानं पलीकडची बाजू खरवडून सगळा बर्फ अलीकडच्या घळीत आणून भरला होता. आणि घळीच्या वर, तळ्याकाठच्या पत्र्याच्या निवाऱ्यात, माझा धाकटा भाऊ स्पास घोटा मोडून पडला होता. आदल्या दुपारपासून. सकाळी त्याचा फोन लागला, तो एवढंच म्हणाला, "दादा, डावा पाय जाणवत नाहीये मला. आहे की नाही तेच कळत नाहीये." मग फोन बंद पडला.

ताई धरून आम्ही चौघे निघालो. घळीतून वर जायला पाऊण तास. डोंगराच्या धारेवरून गेलं तर चार तास, तेही त्या वाऱ्यात.

घळीच्या कडेला ताईंनी छातीइतका खड्डा खणला. बर्फाचा एक खांब कोरून सुटा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि मनगटातून हलकेच थापट्या मारल्या. तिसऱ्या थापटीला वरचा हातभर थर अलगद पुढे सरकला, कपाटाचा खण ओढावा तसा. खाली जाड्या साखरेसारखे सुटे दाणे, वरच्या थराला धरून ठेवणारं काहीच नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं, तर पायाखाली सगळं धप्पदिशी बसलं आणि तो आवाज घळीत वर वर जात राहिला. मंडळी, तो आवाज पोटात ऐकू येतो.

"मागे ये," ताई म्हणाल्या. "माझ्या पावलांवरून. सावकाश."

"ताई, तो वर गोठतोय."

"माहितेय मला."

"तुमचा भाऊ असता तर?"

"तर मी गेले असते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हा तिघांना घेऊन मेले असते. म्हणून आज तू ठरवायचं नाहीस, क्रुम. मी ठरवणार."

त्यांच्या हातातलं फावडं थरथरत होतं. मला वाटलं, बाई घाबरली.

आम्ही धारेवरून गेलो, बराचसा रस्ता रांगत. स्पास जिवंत सापडला. स्लेजवर बांधून त्याला पलीकडून खाली आणलं. डावं पाऊल काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास आधी आणला असता तर कदाचित प्रयत्न करता आला असता.

आणि ती घळ? तिच्यातला बर्फ त्या दिवशी कोसळला नाही. त्या आठवड्यातही नाही. मार्चमध्ये दोघं जण तिच्यातून स्की करत उतरले आणि गावभर फोटो दाखवत फिरले. त्या संध्याकाळी खानावळीत मी मोठ्यानं म्हणालो, "नेवेना घाबरली, आणि माझ्या भावाचा पाय गेला." ताई शेजारच्याच टेबलावर होत्या. त्यांनी ताटातलं संपवलं आणि निघून गेल्या.

तीन वर्षांनी, असाच वारा असताना, वाटाड्या म्हणून माझ्यामागे बारा पाहुणे होते आणि समोरचा खांब चौथ्या थापटीला सरकला. मी सगळ्यांना परत फिरवलं. एक जण म्हणाला, "साहेब, पाय लटपटतायत तुमचे." खरंच लटपटत होते. त्या उतारावरचा बर्फही कोसळला नाही. घरी आलो आणि खानावळीतलं माझं बोलणं आठवलं. एवढी भीती अंगात घेऊन त्या बाईनं माझा एकेक शब्द ऐकून घेतला होता.

कालपासून पुन्हा वायव्येचाच वारा आहे. खिडक्या वाजताहेत, ऐकू येतंय ना? उद्याचं इशारापत्रक ताईंच्या जागी पहिल्यांदाच माझ्या सहीनं निघेल. सकाळी खड्डा मीच खणणार आहे. मला भीती वाटते, हे आज सगळ्यांदेखत सांगून टाकतो.

आणखी एक. माफी मागायला ताईंच्या दारात मी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा हवामान विचारून परत आलो. त्या संध्याकाळी खानावळीत होते ते बहुतेक सगळे आज इथे आहेत. नेवेनाताई, मी खोटं बोललो होतो. स्पास तिसऱ्या रांगेत बसलाय. त्यानं तसं कधीच म्हटलं नव्हतं, ते फक्त मीच म्हणालो.

संयोजकांचे, स्वयंपाकघरात राबणाऱ्या मंडळींचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. आज बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. त्या संध्याकाळचं मात्र सभेकडे मागत नाही. ते ताईंनी ठरवावं.