जवायाची मरळ

थांबा, चहा होतपर्यंत आमच्या जवायाची मरळ ऐकून जा. जवाई म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, पुण्याचा. मागच्या साली दोघं स्कॉटलंडले गेले अन् आठवडाभर नदीकाठच्या लॉजवर राहून सालमन मासे धरत बसले. दिवाळीत आमच्या गावी, कोंढ्याले आला तर सोबत लांबलचक गळ, अन् आमिष म्हणून पिसांची खोटी माशी!

आईनं विचारलं, "चवीले कसा लागते जी तो मासा?"

"खाल्ला नाही, आई. तिथे मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा."

"मंग इतक्या दूर गेले कायले होते जी?"

दुसऱ्या दिवशी मी त्याले वैनगंगेवर नेलं. इकडे आई पाट्यावर मसाला वाटाले बसली. मले वाटलं, आपल्या नदीचा मासा पिसाले काही फसत नाही. पण पठ्ठ्यानं हातभर मरळ काढली! मी पिशवी उघडून धावलो. पोचतो तर फोटो काढून झालेला अन् मरळ पाण्यात. वरून मलेच सांगते, "बघ, किती आनंदाने गेली!"

घरी येऊन मी आईले सारं सांगितलं. जेवताना तिनं जवायाच्या भातावर लालभडक रस्सा ओतला. जवाई रस्श्यात बोटं फिरवून राहिला, पण तुकडा काही सापडेना.

"आई, मासा?"

"रस्सा ताटात हाय जी, मासा तुमच्या मोबाईलमंधी हाय. पाहत पाहत खा."