पंपाच्या तोंडचा मासा

खेमसिंग : मी सांगून राह्यलो मारोतराव, गळाले लागला तवा तो मासा नव्हताच, गोऱ्हा होता गोऱ्हा! अशी उडी मारली, का काठी नाल्यात अन् मी चिखलात.

मारोतराव : पंपावर दोघाईची ड्युटी, अन् एक जन गळ टाकून बसते. चिखलातच पडशीन, अजून कुठं पडशीन?

खेमसिंग : समीक्षा, पोरी, तुह्या बापाचं हे रोजचंच. तू सांग, यवतमाळचे तुहे सर काय म्हनले फोटो पाहून?

समीक्षा : सर खुर्चीतून उठून उभेच राहिले, काका. म्हणाले, हा मूळचा परमुलखातला, ऊन पाण्यातला मासा. आपल्या देशात तिकडं केरळात, तमिळनाडूत सापडतो. हौशी लोक गळ घेऊन लांबून येतात, नुसती त्याची झुंज बघायला. पण इतक्या वर, राजूरच्या नाल्यात? त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

खेमसिंग : मंग आला कसा? रेल्वेनं?

समीक्षा : कुणीतरी काचेच्या पेटीत पाळला असेल, पेटीत मावेना म्हणून दिला सोडून. आला कसा, याचं मला एवढं नवल नाही. हिवाळ्यात जगला कसा, याचं आहे. त्याला थंडी सोसत नाही.

मारोतराव : इथं कुठं थंडी हाये? हात घालून पाह्य.

समीक्षा : घातला ना. तेच तर, बाबा. खाणीच्या पोटातलं पाणी, बारा महिने कोमट. तुमचा पंप ते ओढतो अन् इथं ओततो. बघा, वाफ निघतेय. आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर आपल्याकडचा हिवाळाच पहिल्यासारखा राहिला नाही, म्हणजे हा आता कुठंही जगेल. नाहीतर हा फक्त तुमच्या पंपावर जगतोय.

खेमसिंग : म्हंजे आपल्या ड्युटीवर! मारोतराव, पगार वाढवून मांगा.

समीक्षा : म्हणून म्हणते, पंपाच्या बेअरिंगची ती दुरुस्ती आज रात्रीच करा. साहेबांनी दोन्ही चालेल म्हटलंय ना, आज रात्री नाहीतर उद्या दुपारी? रात्रभर पंप बंद राहिला की वरचं थंड पाणी इथं भरेल. सकाळी मी येऊन पाहीन. पोहत असला तर बातमी मोठी, सगळीकडं छापून येईल. उलटा तरंगत असला, तर…

मारोतराव : तर?

समीक्षा : तर तेही उत्तरच आहे.

मारोतराव : बरं. रात्री करतो.

खेमसिंग : एवढ्या लवकर? पोरी, यानं तुले सांगतलं नसन. शिफ्ट सुटली का हा इथं उकिडवा बसते अन् त्याच्यासंगं बोलते. काल म्हने, 'काय राजे, जेवले का?' इतकी वर्सं संगं काढली, मले नाही इचारलं कधी!

मारोतराव : तू ढेकर देतच येतं. तुले काय इचारू?

समीक्षा : खरंच बोलता, बाबा?

मारोतराव : त्यात काय? खाली खानीत होतो तवा अंधारात पंपासंगंही बोलत होतो. हा तं जिता हाये. त्याच्या शेपटीवर डोया पाह्यला का, मोराच्या पिसावानी? पाठ फिरवून चालला तरी आपल्याकडेच पाहून राह्यला असं वाटते.

समीक्षा : पण खादाड आहे तो. पुढं नदीत निघाला, तर आपले मासे उरायचे नाहीत.

खेमसिंग : नाल्यातले झिंगे तं संपवलेच. भाजून खातो म्हनलं, तं हा मानूस नाही म्हनते.

मारोतराव : आता कुठं नाही म्हनलं? रात्री बंद करतो म्हनलं ना. पोरीच्या शिक्षनाचं काम हाये. फक्त एक पाह्य, समीक्षा. त्या चपट्या दगडापाशी पानी गढूळ दिसते का? ते गढूळ नोहे.

(समीक्षा काठावर गुडघे टेकून वाकते.)

समीक्षा : अगं बाई… पिल्लं! जिऱ्याएवढी! बाबा, किती आहेत!

मारोतराव : हळू बोल. एकटा नोहे तो, जोडी हाये. एक जन इकडून राखते, एक तिकडून. खेकडा आला का हे मोठं अंगावर जाते त्याच्या. तुले सांगनारच होतो. पन फोनवर तू आपली सरच्याच गोष्टी सांगत होती.

समीक्षा : ऐन थंडीत पिल्लं! त्यांना इथं उन्हाळाच वाटत असणार.

खेमसिंग : माही याडी, माही माय सांगे, लदेनीच्या दिवसाईत, बैलावर माल लादून तांडे फिरत तवा, वाटेवर कोनी बाई बाळंत झाली, तं तांडा तिथंच थांबे. बैल लादत नव्हते. नायक असो का कोनी असो, ती उठेपर्यंत पुढं जाची गोष्ट नाही. आता हा मासा कोन्या तांड्याचा, मले काय मालूम. मी आपलं सांगतलं.

मारोतराव : तू आपलं सांगूनच देतं. समीक्षा, थंडी आदुगर कोनाले लागन? मोठ्याईले का पिल्लाईले?

समीक्षा : पिल्लांना.

मारोतराव : हं.

समीक्षा : बाबा, बेअरिंग बदलायला खरंच रात्रभर लागतं?

मारोतराव : कायले? हा गळ घरी ठेवून आला, तं दुपारच्या उन्हात होऊन जाते. पानी थंड व्हाच्या आंधी चालू.

समीक्षा : मग उद्या दुपारी करा.

मारोतराव : अन् तुह्यं उत्तर? छापून येनार होतं म्हनतं.

समीक्षा : ते राहील अर्धं.

मारोतराव : माह्यासाठी नोको करू, बेटा. सर इचारतीन, तं काय सांगशीन त्याईले?

समीक्षा : सांगीन, रात्री पंप चालू होता.