चमचाभर लोणी

दवाखान्यात रांगेतले सगळे गप्प बसलेले असताना कुकरची शिट्टी झाली. शेजारी बसलेल्या काकूंचा फोन स्पीकरवर होता, पलीकडे घरी त्यांचा नवरा. मांडीवर लेकीला थोपटणाऱ्या तरुण आईने कान टवकारले.

"अहो, गॅस बंद करा! त्या मेक्सिकन भाताला एकच शिट्टी."

"केला. टोमॅटो वरून घातला, ढवळला नाही. राजमा, मकाही घातला."

"तेल बेताचंच ना?"

"तेल कशाला? चांगलं चमचाभर लोणी घातलं. आपल्या पोरीला लहानपणी किती आवडायचं!"

"अहो, दूधदुभतं सोडलंय तिने! गेल्या खेपेला त्यावरूनच ताटावरून उठून गेली ना?"

"सवयीने हात गेला गं."

"दुसरा लावा मग."

"आता? जिन्यात पावलं वाजतायत तिची. सांगूच नको का?"

"खबरदार! फसवून वाढायचं नाही."

"आणि परत निघून गेली तर?"

काकू काही बोलायच्या आत फोनमध्ये बेल वाजली, कडी सरकली.

"ये बाळा. आधीच सांगतो, भातात लोणी पडलंय माझ्या हातून."

काकूंनी घाईने स्पीकर बंद करून फोन कानाशी घट्ट धरला.

मांडीवरच्या लेकीने मान वर केली.

"आई, मी मोठी झाल्यावर मला काय आवडेल?"