दूध तुटल्यावर

मी मोर्शीकडची, ताई. मोर्शीतूनही आत जा लागते, संत्र्याच्या बगीच्याईतून. माय माही बगीच्यात तोडनीले जाये अन बाप शायेत चपराशी होता, म्हनून आमी दोघी बहिनी शिकलो, नाई तं आमीबी तोडनीलेच गेलो असतो. बारावी झाल्यावर एसटीत कंडक्टर लागली अन मंग लगीन होऊन अकोल्याले आली. आमचे हे दालमिलमध्ये मशीनवर असते. माणूस वाईट नाई, हे पयलेच सांगून ठेवते, काहून की पुढचं आयकून तुमाले वाटन का लय वाईट असन. दारू नाई, मारझोड नाई, पगार घरी आनते. तुमी लिहान तवा नाव मात्र माहं टाकू नका.

काय सांगू तुमाले, ही गोष्ट सांगाचीच लाज वाटते. छातीची गोष्ट आहे. लगीन झालं तवा काही नोतं, चारचौघीईसारखीच होती मी. पयल्या पोरीच्या वक्ताले बोंडाभवतालचा जो कायपट गोल असते ना, तो पसरला. सगळ्याच बायाईचा पसरते म्हनते, मंग मांगं येते. माहा नाई आला. पोरीचं दूध तुटलं, आंग उतरलं, तरी तो गोल तसाच राह्यला, अर्धी छाती झाकन एवढा. मायकडे बाळंतपन झालं तवा आंग चोयाले जे बाई येये तिनंच पयले सांगितलं, सगळ्या आयाबायाईत, का वो बाई, तुहं तं लय मोठं दिसते. त्या हसल्या. मीबी हसली.

पन मनात गेली ते दुसरी गोष्ट. अकोल्याले वापस आली तवाची. सकायी आंग धुऊन साडी नेसून राहिली होती, अन ह्याईले टॉवेल पायजे होता म्हनून हे खोलीत आले. पाह्यलं, अन हसले, अन म्हने, हे काय वो, पापडावानी होऊन गेलं. बस. टॉवेल घेतला अन गेले मिलमध्ये. त्याईच्या मनात काही नसन. पन त्या दिवसापासून मी त्याईच्या समोर कपडा बदलला नाई. ते आले की मी न्हानीत जाये. मंग माणसाले वाटे का हिले आता आवड नाई राह्यली, अन मले वाटे का ह्याईले आपली किळस येते, अन दोघंबी चुप. अशी सालं गेली, ताई, भांडन नाई, काही नाई, नुसती सालं गेली.

ड्युटी अकोला-अमरावती. खाकी घातली का कोनाले काय दिसते. तिकिटाची मशीन गयात, पैशाची बॅग आडवी, त्याचा पट्टा बरोबर छातीवरून जाते, तो दिवसभर काचते. कवा कवा वाटे, हे एवढं आंग घेऊन मी दिवसभर लोकाईच्या गर्दीतून फिरते, धक्के खाते, अन घरी येऊन आपल्याच मान्सापासून लपते.

मंग एक डाव छातीत गाठ हाताले लागली. डाव्या बाजूनं, बगलेच्या जवय. घाबरली मी. अमरावतीले ड्युटीवरच सुट्टी टाकली अन एका डॉक्टरीनबाईकडे गेली, तिनं सोनोग्राफी केली, सुईनं पानी काढलं, म्हने काही नाई, पान्याची गाठ आहे, जा घरी. मी कपडे घालून राहिली होती, अन मले काय वाटलं कोन जाने, त्या बाईनं माह्या छातीले हात लावला होता अन तोंड वाकडं केलं नोतं, म्हनून असन, मी इचारलं, मॅडम, हे लहान करता येते का? ती बसली. म्हने, येते. कडेची गोल चकती कापून काढतात अन शिवतात, जाग्यावरच भूल देऊन, त्याच दिवशी घरी. पन भवताल व्रन राहीन, मुंग्या येतीन, कदाचित तथलं जानवनं कमी होईन, अन पुढं लेकराले पाजाले त्रास होऊ शकते. मंग तिनं मले इचारलं, अजून लेकरू पायजे का? मी म्हटलं, घरचे म्हनते पायजे. ती म्हने, तर मंग थांबा. हा आजार नाई, घाई कशाचीच नाई. लेकरू होऊ द्या, दूध तुटू द्या, आंग ठिकान्यावर येऊ द्या, मंग या. अन तवाही वाटलं तरच या.

थांबा म्हननं सोपं आहे, ताई. सासूले नातू पायजे होता. मधात एक पोटातच पडलं. मंग सालं दोन सालं काही नाई. मंग हे पोट्टं झालं. त्याले पाजलं. ड्युटी सुरू झाली तरी दूध आटेना, मूर्तिजापूरच्या पुढं गाडी गेली का छाती भरून येये, खाकी ओली होये, मी बॅग समोर धरून तिकिटं फाडो. शेवटी कडुनिंबाचा पाला वाटून लावला तवा पोट्ट्यानं तोंड वाकडं केलं अन सोडलं. तो रडला, मीबी रडली, अन मनात एक इचार आला, आता माहा नंबर.

पन नंबर कुठी येते. सासू गेली. पोरीची दहावी. मंग माही माय पडली, तिचा हात मोडला, प्लास्टर बांधलं, तिले अकोल्याले आनलं. तिले मी आंग धुऊन देत होती. ताई, मायले तसं मी कवा पाह्यलंच नोतं. पाह्यलं, तं तिचा गोल अगदी माह्यासारखा. तसाच, तेवढाच, कडाबी तशाच वाकड्या. मी थांबून गेली. माय म्हने काय झालं वो. मंग मी तिले सगळं सांगितलं, पापडाचं, डॉक्टरीनबाईचं, सगळं. ती पाटावर बसली होती, आंगावर पानी, गार होऊन राहिलं होतं. तिनं सगळं आयकून घेतलं अन म्हने, मले कोनी पाह्यलंच नाई बाई, म्हनून मले कोनी काही बोललं नाई. तुह्या बापानं कवा दिवा नाई लावला.

मी म्हटलं, मंग मी करू का नको?

ती म्हने, मले काय इचारतं. मले तं मालूमच नोतं का हे मोठं आहे म्हनून. पानी टाक, थंडी वाजून राहिली.

मायचं आंग पाहून मले वाटलं होतं का मन फिरन, आपलं रगतच असं आहे तं कापाचं काहून. दोन चार दिवस तसंबी वाटलं. पन मंग समजलं का मायले काहीच दुखत नोतं अन मले दुखून राहिलं होतं, तं तिचं तिच्याजवय, माहं माह्याजवय.

ह्याईले सांगितलं ते रविवारी, जेवताना, लेकरं बाहेर होती. मी म्हटलं, ऑपरेशन करून घेईन म्हनते. म्हने, कायचं? सांगितलं. म्हने, काहून? मी म्हटलं, तुमी म्हटलं होतं पापडावानी झालं म्हनून. ते पाहतच राह्यले. म्हने, मी? कवा? मले याद नाई. खरंच याद नोतं, ताई, खोटं बोलनारा माणूस नाई तो. हातातला घास तसाच. मी एवढी सालं जे गोष्ट घेऊन फिरली, अकोला अमरावती, अमरावती अकोला, ते त्याईले मालूमच नोती. राग तरी कोनावर करावा. मंग ते म्हने, माही काही हरकत नाई, पन माह्यासाठी करत असशीन तं नको करू. मी म्हटलं, हरकत आहे का ते नाई इचारून राहिली, सुट्टीत पोट्ट्याले कोन पाहीन ते इचारून राहिली. ते म्हने, मी पाहीन.

दिवाळीनंतर केलं. जागीच होती मी, समोर हिरवा कपडा बांधला होता, डॉक्टरीनबाई मले गाडीचे थांबे इचारत होती अन मी सांगत होती. दुखलं नाई, वढल्यासारखं झालं. घरी ह्याईनं खिचडी केली, रोज खिचडीच, पोट्टं कंटाळलं. बॅगचा पट्टा घालाचा नाई म्हनून डेपोत बसून काम मागा लागलं. बायाईनं इचारलं, काय झालं, मी सांगितलं, गाठ काढली. सगळ्या जनी हयहयल्या, एकीनं डबा आनला, एकीनं पाठीवरून हात फिरवला. गाठ म्हटली का लोकं मान देते. खरं सांगितलं असतं तं त्याच बाया तोंडावर पदर धरून हसल्या असत्या, हेबी मले मालूम आहे. त्याईचा डबा मी खाल्ला, पन गोड नाई लागला.

आता लहान आहे. भवताल पांढरट कड आहे, डाव्या बाजूनं जानवत नाई बरोबर, हात लावला तं कोना दुसऱ्याचं आंग वाटते. बरं वाटते का म्हनान, तं वाटते. उडी मारावी असं नाई. जसं लय दिवसाचं वझं खाली ठेवलं अन खांदा अजून तसाच वाकडा आहे. हे आता खोलीत आले का मी उठून जात नाई. ते पाहत नाई, खाली पाहते. त्याईले आता ते वाक्य याद आहे, मी सांगितलं तवापासून, अन त्याईले ते बोचते. कवा कवा मले वाटते, नसतं सांगितलं तं बरं झालं असतं, एकटीच्याच जवय राह्यलं असतं.

माय वापस मोर्शीले गेली, हात बरा झाला तिचा. पोरगी नर्सिंग करून राहिली अमरावतीले. तिले मी काहीच नाई सांगितलं, पन सांगीन, तिचं लगीन व्हाच्या आधी सांगीन. तिच्या नशिबी बोलनारा माणूस येवो का चुप राहनारा येवो, तिनं त्याच वक्ताले इचारावं, तुमी असं काहून म्हटलं. एवढं जमलं तिले, तं लय झालं. चला ताई, चहा घ्या, थंडा झाला तुमचा.